कोटाचं माप

"ताई, साहेब कुठे बसतात?"

शिंपीकाका गळ्यात मापाची फीत अडकवून दारात उभे होते. ताई भट्टीच्या तापमानाचे आकडे तपासत होत्या. मान वर न करताच त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. "शेजारच्या खोलीत."

काका गेले. ताईंनी आणखी दोन ओळी तपासल्या आणि मग त्यांच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. शिंपी. वार्षिक बैठक तोंडावर आलेली. आणि आपण त्याला शेजारी पाठवलं!

बाटल्यांच्या त्या कारखान्यात संचालक कोण होणार हे सूचना फलकावर नंतर लागायचं, आधी कळायचं ते शिंप्यामुळे. नव्या संचालकाला कंपनीचा राखाडी कोट मिळे, त्याला कारखान्याच्याच हिरव्या काचेची बटणं. बैठकीआधी काका येऊन ज्याचं माप घेत, तो झाला म्हणून समजायचं. आजवर एकाही बाईच्या खांद्याला ती फीत लागली नव्हती.

उत्पादनाचे संचालक निवृत्त होत होते. त्यांच्या आजारपणापासून दोन वर्षं सगळा विभाग ताईच ओढत होत्या. नाव मात्र 'प्रभारी उत्पादनप्रमुख'. याआधी दोनदा जागा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा त्यांना गोड हसून सांगण्यात आलं, पुढच्या वेळी नक्की. ताई प्रयोगशाळेत काचेचे नमुने तपासायला म्हणून इथे लागल्या होत्या. भट्टीचा आवाज बदलला तर त्यांना घरी झोपेतही कळतं, असं कामगार थट्टेनं म्हणत. त्याच कामगारांनी शेजारच्या खोलीतल्या त्यांच्या हाताखालच्या तरुणाला पहिल्याच महिन्यात 'धाकटे साहेब' करून टाकलं होतं. ताई ताईच राहिल्या.

त्या उठून शेजारी गेल्या. धाकटे साहेब बुजगावण्यासारखे हात पसरून उभे होते आणि काका त्यांच्या छातीला फीत लावत होते.

"ताई, अहो, हे म्हणाले हात वर करा, मी केले," तो कानापर्यंत लाल झाला. "मला खरंच काही माहीत नव्हतं."

"नसेल. हात खाली घे आता, दुखतील."

दुपारपर्यंत कारखानाभर झालं. कॅन्टीनमध्ये लोक धाकट्या साहेबांचा हात हातात घेऊन सोडेनात. गोदामवाला तर ताईंनाच म्हणाला, "तुम्हीच घडवलंत ना त्यांना? म्हणजे मान तुमचाच." ताईंना संताप आला. त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता.

डबा तसाच बंद करून त्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. कंपनीचे अध्यक्ष ते, बोलणं अगदी लोण्यासारखं.

"अहो ताई, मी फक्त उत्पादनप्रमुखांचं माप घ्या एवढंच सांगितलं होतं. काका म्हणतात, तुम्हीच शेजारी पाठवलंत. मला वाटलं, मोठ्या मनानं बाजूला झालात."

"मला विचारलंत?"

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आता सगळीकडे झालंय हो. अभिनंदनं झाली. कसं फिरवायचं?"

"सर, इतकी वर्षं कुणी साहेब विचारले की मी दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत आलेय. आजही सवयीनं हात गेला. चूक माझी. पण माझ्या सवयीवर तुम्ही पद वाटून टाकणार असाल तर ते मी चालू देणार नाही. उद्या बैठकीत माझं नाव घ्या. मतं घ्या. हात वर करून, माझ्या समोर."

"असं कधी केलं नाही आपण."

"बाईचं नावही कधी घेतलं नाही."

बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर ते म्हणाले, "बरं. घेऊ."

तिथून निघून ताई थेट काकांच्या दुकानात गेल्या. काकांनी कपाळावर हात मारला. "मी आपलं साहेब म्हणजे पुरुषमाणूसच धरून चाललो. पण ताई, या कोटाचा बायकांचा कागदी नमुना माझ्याकडे नाही."

"मग आज काढा. पैसे माझे."

काकांनी फीत सुनेकडे दिली. ती आत बायकांचे कपडे शिवायची. तिनं पाठीवरून माप घेतलं आणि हसली. "खांदे चांगले रुंद आहेत हो तुमचे."

"भट्टीपाशी उभं राहून झालेत."

"आणि बटणं?" काकांनी हळूच विचारलं. "ती कंपनीचीच लागतात."

"ती काच माझ्याच भट्टीतली आहे, काका. लावा."

सासरा आणि सून दोघं रात्रभर मशीनला बसली. सकाळी दुकानातून कोट घेऊन ताई घरी परतल्या तेव्हा नवरा चहा गाळत होता. त्यानं कोटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आणि नाहीच झालं तर?"

"तर निदान मी बाजूला झाले असं कुणी म्हणणार नाही."

"घालून दाखव तरी," तो म्हणाला. मग पुढे होऊन त्यानं कोटाची कॉलर नीट केली.

बैठकीत पाच संचालक होते. ताईंनी दोन वर्षांचं काम सांगितलं, पुढची योजना सांगितली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग मोठ्या साहेबांनी मतं मागितली. दोन हात वर झाले. तिसरा लागत होता; निवृत्त होणाऱ्या संचालकांचा उठू लागला. आजारपणात रोज सकाळी ताईंना फोन करणारे तेच. त्यांचा हात हनुवटीपर्यंत आला, त्यांनी दाढी खाजवली आणि हात खाली गेला.

"पुढच्या वेळी नक्की," मोठे साहेब म्हणाले.

"हे तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय, सर. पण या वेळी मी हात पाहिलेत. पुढच्या वेळीही मी नाव देणार आहे आणि मतं अशीच मागणार आहे."

धाकट्या साहेबांना आत बोलावून त्यांच्या अंगावर कोट चढवला गेला. त्यांची नजर ताईंकडे गेली आणि जमिनीवर उतरली. ताईंनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या कामापुरत्या. पोरगा कामाला वाईट नव्हता.

दाराबाहेर संचालकांचे कोट अडकवायच्या खुंट्या होत्या. शेवटच्या रिकाम्या खुंटीवर ताईंनी आपला कोट अडकवला आणि भट्टीकडे निघाल्या.

"ताई, कोट राहिला!" म्हातारे शिपाईमामा मागून धावले.

"राहू द्या, मामा. तो इथेच लागणार आहे."

"पण कुणी विचारलं तर? कुठल्या साहेबांचा म्हणून सांगू?"

"माझा."

मामा क्षणभर उभे राहिले. मग परत जाऊन त्यांनी बाकीचे कोट थोडे सरकवले आणि त्या कोटाचे खांदे नीट केले.