बाटलीतला तुकडा

कंबर मोडून नागप्पाच्या पदरात काय पडणार होतं, ते वालूरच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं: पुण्याला नोकरीत रमलेला मुलगा कायमचा घरच्या पेंडीच्या दुकानात. दिवाळीला घरी आलेला हा मुलगा, मंगेश, फोनवर बोलत उभा राहिला, नागप्पानं सरकी पेंडीचं पोतं एकट्यानं उचललं आणि तिथंच बसला. डावा पाय बधिर. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पेंडीसोबत हेही मोजून द्यायचा, "पोरानं हात लावला असता तर..." वाक्य पुरं करत नसे. अर्ध्या वाक्याची वसुली जास्त.

परभणीत ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मंगेश जिन्यातच खालीवर करत होता. रजा संपत आली होती, खिशातला फोन सारखा थरथरत होता. सर्जननं मणक्यांमधून काढलेला गादीचा तुकडा बाटलीत घालून त्याच्याच हाती दिला. समोरच्या लॅबमध्ये तपासायला द्यायचा. खोबऱ्याच्या कातळीएवढा ऐवज, पण त्याच्यावर मंगेशचं पुणं अडलं होतं.

रिपोर्ट घ्यायला गेला तेव्हा त्यानं लॅबच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "मॅडम, पोतं उचलल्यानंच झालं ना हे?"

"पोतं निमित्त," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "गादीच्या मधोमध पाणी धरून ठेवणारा गर असतो. यांचा वाळून चरबट झालाय, चिरा पडल्यात. सुट्या राहणाऱ्या पेशी घोळके करून बसल्यात. कडेनं रक्तवाहिन्या आत शिरल्यात, जिथं एरवी नसतात. अशी झीज एका दिवसात होत नाही. वर्षं लागतात."

मंगेश जवळजवळ पळतच वॉर्डात आला. "अप्पा, गादी आधीच झिजलेली होती. माझ्यामुळं न्हाई."

नागप्पा पंख्याकडं बघत म्हणाला, "मग आजपतोर दुखली कशी न्हाई?"

"न्हाई कशी?" उशाशी मोसंबी सोलत बसलेली मंगेशची आई मल्लम्मा म्हणाली. "हा कॉलेजात होता तवापासून रोज मीच चोळायलेय. म्हणून तर तुमी गल्ल्यावर आन् पोत्याला मी. त्या दिवशी मी देवळात गेल्ते, एवढंच."

"मग बोलली का न्हाईस, अव्वा?"

"बोलले असते तर तू गेला असतास."

"आता जातोच."

"जा की." पिशवी द्यायला ती उठली. एक हात भिंतीला, एक कमरेला; डावा पाय जरा ओढत. मंगेशनं ते पाहिलं, आणि लगेच फोन काढून त्यात बघू लागला.

पुण्याच्या गाडीत त्याला एका जागी बसवलं नाही. आठवड्यानं वालूरला दुकानासमोर पेंडीची गाडी लागली. बापाची कंबर सुटली, लेकाच्या माथ्यावरचा बोल सुटला. पोती उतरवायला मल्लम्मा वाकली. तिच्या कमरेतला तुकडा कुणी बाटलीत घालून तपासायला नेला नव्हता.