पावणेतेरा इंचांची चेन

मी एक जुनी चेन आहे, मित्रांनो. गळ्यात घालायची नव्हे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी, ग्रीसने माखलेली, मूळची चौऱ्याण्णव कड्यांची पोलादी चेन. तुमच्या सायकलला असते तिची थोरली बहीण म्हणा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्ट्या कापून माझ्या पात्या केल्या, भट्टीत तापवून त्यांना कडक केलं, मग पिना ठोकून कडीला कडी जोडली. पातीवर एक आकडा उमटवला : ५२०. ते माझं माप. कडी किती लांब आणि किती रुंद, हे त्या आकड्यावरून कळतं. बघणाऱ्याने तो वाचायला मात्र हवा.

मला एका क्वाड बाईकला बसवलं. ही गाडी तुम्ही पाहिली असेल. मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखीच सीट, पण खाली चार जाडजूड चाकं. सुरुवातीची दोन वर्षं एका सहलीच्या ठिकाणी गेली. लोक यायचे, मैदानात गोल गोल फिरायचे, ओरडायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. पुढे ते ठिकाण बंद पडलं आणि आमची गाडी ताडपत्रीखाली गेली. तिथून तिला बाहेर काढलं ते धम्मरत्नने. त्याचं जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळ गॅरेज आहे. त्याने ही गाडी बद्रुद्दीन चाचांसाठी शोधून काढली होती.

बद्रुद्दीन चाचांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावापासून तीन किलोमीटरवर त्यांची संत्र्याची बाग. एकशे ऐंशी झाडं, सगळी स्वतःच्या हाताने लावलेली. पण साखरेच्या आजारात चाचांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. बसवलेला पाय घालून ते घरात, अंगणात फिरत. बागेकडे जाणारी पांदण म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या, आणि मध्ये एक नाला. बैलगाडीचे हिसके त्यांना सोसेनात, आणि मोटरसायकलवर तोल राहीना. सलग दोन वर्षं चाचांनी आपली बाग पाहिली नव्हती.

आमच्या गाडीला गिअर बदलायची भानगड नव्हती. रेस अंगठ्याने, ब्रेक हाताने. डांबरी रस्त्यावर जायची आमच्यासारख्या गाडीला परवानगी नसते, पण चाचांचा रस्ता पांदणीचाच होता. पहिल्या दिवशी ते बागेत पोहोचले, तेव्हा गाडी बंद न करताच उतरले आणि पहिल्या झाडाच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. शेजारच्या शेतातून सत्यभामाबाई धावत आल्या.

"भाऊ! तुमी कसे आले जी?"

"ह्या फटफटीवर आलो, बाई," चाचा म्हणाले. "आता मले कोनाची वाट पाहाची गरज नाही."

मित्रांनो, त्या वाक्याने माझ्या चौऱ्याण्णव कड्या ताठ झाल्या. लोक गाडीचं कौतुक करत, तिच्या चाकांचं, तिच्या लाल रंगाचं. चेनचं कौतुक कोणी करत नाही. पण चाचांना नाल्याच्या चढावरून वर ओढणारी मी होते, आणि ते मला ठाऊक होतं.

चार वर्षं मी ते काम केलं. खताची पोती, पाण्याचे ड्रम, संत्र्याचे क्रेट, सगळं ओढलं. चाचा गाडीला जीव लावायचे. दर जुम्याला ती धुवायचे, सीट पुसायचे. माझ्यावर मात्र डिझेल ओतायचे, तारेच्या ब्रशने खसाखसा घासायचे आणि तेल न देता उन्हात सोडायचे. वरून मी लखलखीत दिसे. आत, पिनांपाशी, कोरडी पडत चालले होते. पांदणीची धूळ आणि नाल्याची रेती तिथे शिरून पिना झिजवत होती. मी सैल झाले. गाडी चालताना खडखड आवाज येऊ लागला. तेव्हा धम्मरत्नने माझ्या दोन कड्या काढल्या आणि मला पुन्हा आवळलं. चाचांनाही घाई होती, त्यालाही घाई होती. आखूड झाले म्हणून मी काही नवी झाले नव्हते.

मग गेल्या हिवाळ्यात ते घडलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. चाचा मागे दोन भरलेले क्रेट बांधून नाल्याच्या चढाला लागले. अर्ध्या चढावर जोर लावला आणि मी मागच्या दातेरी चक्रावरून उडाले. एक दात, दोन दात, कडकड कडकड. मला धरून राहायचं होतं, पण धरायला जागाच उरली नव्हती. गाडी मागे घसरू लागली. चाचांनी दोन्ही ब्रेक आवळले, तरी चाकं मुरमावरून सरकतच राहिली. गाडी काठाला टेकून कलली, चाचा खाली पडले, संत्री नाल्यात गडगडत गेली. सत्यभामाबाईंनी धावत येऊन चाकामागे मोठा दगड लावला, म्हणून गाडी चाचांच्या अंगावर आली नाही.

चाचांचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. पण घरी त्यांच्या पत्नीने, अजीजुन्निसा चाचींनी, सगळं ऐकून घेतलं आणि गाडीची चावी मागितली. चाची शिवणकाम करतात. खिडकीशी त्यांचं मशीन असतं. चावी त्यांनी मशीनच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

"गाडी इकून टाका," त्या म्हणाल्या. "एक पाय गेला. आता तुमाले गमवाची ताकद माह्यात नाही."

दहा दिवस चाचा ओसरीवर बसून राहिले. मी समोरच्या पत्र्याच्या शेडमधून पाहत होते. अकराव्या दिवशी सत्यभामाबाई चाचांच्याच बागेतली संत्री पदरात घेऊन आल्या. चाचींनी एक सोलून पुढे केलं.

"नको," चाचा म्हणाले. "आपल्याच झाडाचं फळ लोकाईनं आनून द्यावं अन् म्या बसून खावं, ते मले नाही जमत."

चाचींनी ते संत्रं ताटलीत ठेवलं. मग सत्यभामाबाईंना विचारलं, "बाई, खरं सांग. गाडी काऊन घसरली? यायनं तेज चालवली का?"

"नाही वं बहीन. हळूच चढून राह्यले होते. खालून कडकड आवाज आला अन् गाडीचा जोरच गेला."

चाचींनी धम्मरत्नला निरोप धाडला.

तो आला. त्याने मागच्या चक्रावर मला दोन बोटांनी धरलं आणि मागे ओढलं. मी दातांपासून इतकी दूर आले की अर्धा दात उघडा पडला.

"चेन लांबली, चाची. हिचं काम झालं."

"लोखंड कसं लांबते बेटा? मले कपडा समजते. कपडा धुतल्यावर आटते, नाहीतर ताणते. लोखंड?"

"लोखंड नाही ताणत. आतल्या पिना झिजतात. एकेका कडीत केसाएवढी फट पडते. सगळ्या फटी मिळून चेन लांबते."

"किती लांबली?"

"किती ते... अंदाजानं समजते."

"अंदाजानं मी ब्लाऊजबी नाही शिवत," असं म्हणून चाची आत गेल्या आणि गळ्यात मोजपट्टी घालून बाहेर आल्या.

त्या जमिनीवर बसल्या. चष्मा पुसला. धम्मरत्नने मला काढून ताठ धरलं आणि वीस कड्या मोजून दिल्या. नवी असती तर वीस कड्या साडेबारा इंच भरल्या असत्या. चाचींनी पट्टी लावली, नखाने खूण धरली.

"पावणेतेरा," त्या म्हणाल्या. मग चाचांकडे वळल्या. "पाव इंच. एवढ्या फरकानं बाही खांद्यावरून उतरते. तुमी तर ह्याच्यावर चढ चढून राह्यले होते."

मित्रांनो, आपली झीज अशी मोठ्याने सांगितली जाताना कोणाला बरं वाटेल? पण मला हलकं वाटलं. इतके दिवस मी खडखड करून जे सांगत होते, ते पहिल्यांदा कोणीतरी नीट ऐकलं होतं.

"चावी देईन," चाची म्हणाल्या. "पन चेन माह्या नजरेखालून बसंल."

दोन दिवसांनी धम्मरत्न खामगावहून चेन घेऊन आला. नवी, चकचकीत. त्याने ती जुन्या चक्रावर टाकली, बसली. "पाहा चाची, एकदम बरोबर."

चाचींनी अंगठ्याने ती बाजूला ढकलली. चेन दातावर डावीकडे-उजवीकडे हलत होती. त्यांनी मला उचललं, पातीवरचा मळ नखाने खरवडला आणि माझा आकडा वाचला. मग नवीचा वाचला.

"हिच्यावर पाचशे वीस हाय. तू आनली तिच्यावर पाचशे तीस."

"कडीची लांबी सारखीच असते, चाची. जड मोटरसायकलची हाय, उलट मजबूत. थोडी रुंद हाय, तेवढं चालते."

"लांबी बरोबर अन् रुंदी ढिली, असा कुर्ता तू घालशील का?"

धम्मरत्न हसला. मग त्याचं हसू मावळलं. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "चाची, एक गोष्ट आनखी हाय. तुमी जुनी मोजसान तर ब्याण्णव कड्या भरतीन. त्या हिशेबानं नवी घेतली तर आखूड पडंल. असली चौऱ्याण्णव. दोन म्या काढल्या होत्या. तवाच नवी टाका म्हनून सांगाले पाहिजे होतं. चाचा पडले त्यात माही बी चूक हाय."

चाचा लगेच म्हणाले, "म्या बी तुले घाई केली होती, बेटा. अन् डिझेलनं धूत होतो ते म्याच."

"आता दोघंबी चुकले म्हून बसून राहू नका," चाची म्हणाल्या. "बरोबर आना."

यावेळी चाचाही त्याच्याबरोबर खामगावला गेले. तिथे दोन चेन समोर आल्या. दोन्ही ५२०, दोन्ही चौऱ्याण्णव कड्यांच्या. एक साधी. दुसरीच्या प्रत्येक कडीत बारीक रबरी रिंग होती, आतलं ग्रीस बाहेर जाऊ न देणारी आणि बाहेरची रेती आत येऊ न देणारी. चाचांनी पांदणीची धूळ आठवली, नाल्याचं पाणी आठवलं आणि रिंगची चेन उचलली. सोबत पुढचं आणि मागचं चक्रही नवं घेतलं. माझ्याबरोबर झिजून जुन्या चक्रांचे दात वाकले होते. त्यांवर नवी चेन घातली असती तर वर्षभरात तिची माझ्यासारखीच गत झाली असती.

बसवताना चाची स्टूल घेऊन शेजारी बसल्या. धम्मरत्नने शेवटची कडी जोडली आणि तिची क्लिप लावली.

"हे सुटनार नाही ना?"

"क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या बाजूले ठेवलं, चाची. उघडं तोंड मागं. काही लागलं तरी उघडत नाही." मग त्याने खालच्या बाजूने चेन बोटाने वर-खाली करून दाखवली. "एवढी, दीड बोट, सैल पाहिजे. तारेसारखी ताठ ठेवली तर तेबी वाईट."

मी बाजूला पोत्यावर पडून नवीकडे पाहत होते. मत्सर वाटला का? थोडा वाटला. पण ती माझ्याच मापाची होती, आणि चाचांना चढावर ओढायला तशीच हवी होती. धम्मरत्न मला भंगारात टाकणार होता. चाचांनी हात पुढे केला. "तिले दे. बागेच्या फाटकाले बांधाले कामी येईन." त्यांनी मला पोत्यात गुंडाळून गाडीच्या मागच्या जाळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची चावी घेऊन आल्या, पण चाचांच्या हातात दिली नाही. स्वतःच गाडीला लावली आणि चाचांच्या मागे बसल्या. नाल्यापाशी त्या उतरल्या. काठावरचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीच्या जराशा मागे, एका बाजूला उभ्या राहिल्या.

"तू कायले दगड उचलला वं?"

"तुमी चला. मी मागं हाय."

चाचांनी अंगठा दाबला. मी पोत्यातून ऐकत होते. कुठेच खडखड नाही. नवीने दात पकडले, एकही सोडला नाही. चढ चढताना माझ्या जुन्या पिना आपोआप आवळल्या गेल्या, सवयीने. मागून चाचींच्या धापा ऐकू येत होत्या. दगड हातात घेऊन त्या अख्खा चढ चालत आल्या. वर सपाटीवर गाडी थांबली. चाचींनी दगड काठावर ठेवला आणि कपाळावरचा घाम ओढणीने टिपला.

त्या दिवसापासून मी बागेच्या फाटकाला आहे. चाचा रोज मला उघडतात आणि लावतात. इथून मला नवी चेन जाता-येता दिसते. तिच्यावर आता डिझेल पडत नाही. महिन्यातून दोनदा रॉकेलच्या मऊ फडक्याने पुसून, तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला मिळतो. महिन्याच्या पहिल्या जुम्याला चाची पट्टी लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्या चाकाआड, झाकणाआड, भिंतीआड राहून काम करतात. त्या थकल्या की आवाज करतात. तो आवाज ऐका. त्यांना तेल द्या, मापून बघा, आणि बदलायची वेळ आली की त्यांच्याच मापाची जोडीदार आणा. आम्हाला बदललं म्हणून आम्ही रुसत नाही. आमच्या भरवशावर निघालेलं माणूस रस्त्यात पडलं, तर मात्र आम्हाला फार लागतं.

नवी चेन बसल्यावरच्या त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी, बागेतून परत निघताना, चाचांनी मला फाटकाला गुंडाळलं आणि गाडीवर बसले. चाची अजून झाडांकडे पाहत उभ्या होत्या.

"उद्या किती वाजता निघाचं?" चाचांनी विचारलं.

चाचींनी गाडीची चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मले उद्या चार ब्लाऊज देणं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी जा."