लेखक: लोर्ना बुशी

'नामंजूर'चं बटण लोर्ना बुशीने तिसऱ्यांदा दाबलं. ते फिकटच राहिलं. तिने चष्मा पुसला, स्क्रीनच्या वरच्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. 'तपासनीस' या शब्दापुढे कालपर्यंत तिचं नाव होतं. आज तिथे मर्ल बेन्वाचं होतं. तिचं नाव एक ओळ वर सरकलं होतं. लेखक: लोर्ना बुशी.

कागद रोपवेच्या ब्रेक-चाचणीचा होता. स्की हंगामाआधी खुर्च्यांवर पाण्याची पिंपं बांधायची, माणसांइतकं वजन चढवायचं आणि मग ब्रेक लावून बघायचा, ही या डोंगरावरची जुनी रीत. नव्या मसुद्यातून पिंपं गायब झाली होती. चाचणी रिकाम्या खुर्च्यांवर घ्यायची. दोन दिवसांचं काम एका दुपारीत. 'रिकाम्या खुर्च्या कुठलाही ब्रेक थांबवतो,' असा शेरा मारून लोर्नाने मसुदा दोनदा परत पाठवला होता. आता तिला तो अडवता येत नव्हता. लिहिणाऱ्याने आपलंच लिहिलेलं तपासायचं नाही, असा नियम होता, आणि काही वर्षांपूर्वी साहेबलोकांशी भांडून तो तिनेच करून घेतला होता.

व्यवस्थापक क्रेग हॅस्केल खोलीत डोनटचा खोका फिरवत होता. आपलं नाव लेखक म्हणून कसं आलं, असं लोर्नाने विचारलं तेव्हा त्याने खोका तिच्यापुढे धरला. ती घेत नाही असं दिसल्यावर त्याने स्वतः एक उचलला.

"गेल्या आठवड्यात तू मसुद्यात दुरुस्ती केलीस ना?"

"दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं. ते नीट केलं."

"सिस्टीमला कुठे कळतं काय नीट केलंस ते? मसुद्याला हात लावला तो लेखक. नियम तुझाच आहे, बाई."

"आणि माझे शेरे?"

"ते तपासनीसाचे होते. तपासनीस बदलला, शेरे मिटले." त्याने बोटांवरची साखर झटकली. मग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची सगळी आरक्षणं कशी भरली आहेत, बर्फ यंदा लवकर आहे, कोणावर काही ढकलण्याचा कुणाचाच विचार कसा नाही, हे तो बराच वेळ सांगत राहिला. लोर्ना जॅकेट चढवून बाहेर पडली.

मर्लची कार्यशाळा खालच्या स्थानकाला लागून होती. तो आणि ती एकाच हिवाळ्यात इथे लागले होते. तिच्या कागदांवर तपासनीस म्हणून त्याची सही असे, त्याच्या कागदांवर तिची. वसंतात तो निवृत्त व्हायचा होता. फ्लोरिडातल्या बहिणीच्या घराचा फोटो त्याने कपाटाच्या दारावर चिकटवला होता. आता तो एका खुर्चीची तारेला धरणारी पकड उघडून बसला होता. ब्रेकच्या कागदावर सही केलीस का, असं तिने विचारलं. सकाळीच केली, तो म्हणाला.

"वाचलास?"

"तुझं नाव दिसलं की."

"मर्ल, वाचलास का?"

तो हसला. "तुझं लिहिलेलं मी कधी वाचलंय गं? आईने वाढलेल्या ताटात कुणी मीठ तपासतं का? तू लिहिलंस म्हणजे ते बरोबरच."

तो कौतुकानेच बोलला होता. लोर्ना बाकाच्या कडेला टेकली. पिंपांबद्दल तिने त्याला सांगितलं तेव्हा त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याने हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. सही मागे घे, ती म्हणाली. मागे घ्यायची तर न वाचता केली होती असं लिहून द्यावं लागेल, तो म्हणाला, आणि तसं लिहून दिलं की हे लोक आपल्याला वसंतापर्यंत नोकरीत ठेवणार नाहीत.

"तू माझे कागद वाचायचीस?" त्याने विचारलं.

"सगळे."

मर्लने मान हलवली आणि पकडीचा स्क्रू शोधू लागला. तो त्याच्यासमोरच पडला होता.

ती टेबलाशी परतली तोवर क्रेगने अंतिम मंजुरी दिली होती. कॉफीच्या यंत्राजवळच्या फळ्यावर कुणीतरी तिच्या नावापुढे तारा काढला होता: हंगामाचा पहिला मंजूर कागद.

राज्याच्या रोपवे निरीक्षकाचा नंबर तिला पाठ होता. तिने फोनकडे हात नेला, मग तो माउसवर ठेवला आणि आपलाच एक जुना कागद उघडला. रोपवे मध्येच बंद पडला तर लोकांना दोराने खाली कसं उतरवायचं, याचा. लेखक लोर्ना बुशी, तपासनीस मर्ल बेन्वा. दुसऱ्या कुणाचा असावा तसा ती तो पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

तिसऱ्या पानावर ती थांबली. दरीवरून जाणाऱ्या खुर्च्यांसाठी दोर किती लांब हवा, ते तिथे दिलं होतं. खुर्चीपासून जमिनीपर्यंतची उंची तिने अचूक लिहिली होती. पण दोर तारेवरून टाकावा लागतो. एक टोक माणसाला, दुसरं खाली उभ्या असलेल्याच्या हातात. लांबी दुप्पट हवी. सराव दर वर्षी पायथ्याजवळ होई, तिथे तो दोर पुरत असे. दरीत तो अर्ध्यावर संपला असता.

खिडकीबाहेर खुर्च्या एकामागून एक वर चालल्या होत्या, रिकाम्या.

तिने नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, तिने सांगितलं. कंपनी विचारली, तीही सांगितली.

"बरं, आणि तक्रार कुठल्या कागदाबद्दल आहे?"

लोर्नाच्या स्क्रीनवर दोन्ही कागद शेजारी शेजारी उघडे होते.