कठड्यावरचा जुना रंग

वर चढताना ज्याला तुम्ही न बघता धरता, तो जिन्याचा कठडा मी.

मला घडवलं सुताराने, पण सांभाळलं आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकतं लग्न झालं होतं. नव्या नवरीच्या तळहातात माझं कुसळ गेलं. दुसऱ्याच दिवशी हे रंगाचा डबा नि ब्रश घेऊन हजर! हिरवागार केलं मला. मुलगा झाला तेव्हा पिवळा. आजी गेल्या, त्यानंतर पांढरा. नवा रंग चढे, खालचा खालीच राही. त्यात शिसं आहे, हे कुणाला ठाऊक?

मग नात आली. मलाच धरून ती उभी राहायला शिकली. दात शिवशिवायला लागले की माझा गज चावायची. सगळे हसायचे. मलाही गुदगुल्या व्हायच्या.

पुढे आजोबांच्या मुलाने घर नवं करायला काढलं. पॉलिश पेपर घेऊन तो मला खसाखस घासू लागला. पांढरी, पिवळी, हिरवी भुकटी जिनाभर पसरली. त्यातूनच पोर रांगत होती. हळूहळू तिचं खाणं सुटलं, किरकिर वाढली. सून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तिचं रक्त तपासलं. अहवाल आला, तशी ती दारातूनच ओरडली,

"अहो, थांबा! हात लावू नका त्याला."

"का? काय झालं?"

"हिच्या रक्तात शिसं निघालंय. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, घरी जुना रंग घासताय का?"

त्याचा हात जागच्या जागी थांबला.

त्याच दिवशी सगळे नातीच्या मावशीकडे राहायला गेले. असल्या कामात तरबेज माणसं आली. त्यांनी आधी रंग तपासला. मग प्लास्टिकचे पडदे लावून, तोंडाला मास्क बांधून, मला ओला करून रंग खरवडला. भुकटी उडू नये म्हणून झाडू कुणी हातातही धरला नाही. ओल्या फडक्यांनी कानाकोपरा पुसला आणि ती फडकीसुद्धा पिशवीत बांधून नेली. नंतर मला बिनशिशाचा नवा रंग मिळाला.

घरचे परतले, पण आजोबा मला धरेनात. भिंतीला टेकत, धडपडत जिना उतरायचे. सुनेच्या ते लक्षात आलं. ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

"बाबा, पडाल ना अशानं."

"माझ्याच हातानं विष फासलं गं मी घरभर."

"तुम्ही आईंच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून रंग दिलात. दुकानात मिळाला तो दिलात. पोर सावरतेय बाबा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण शिसं उतरेल." तिने त्यांचा हात अलगद उचलून माझ्यावर ठेवला. हळूहळू त्यांची बोटं माझ्याभोवती मिटली.

नातीच्या तपासण्या अजून चालू आहेत. आकडा दर खेपेला खाली येतोय. ती आता भरपेट जेवते, आणि आजोबा तिचे हात धुतल्याशिवाय तिला घास भरवत नाहीत.

आज सकाळी शेजारच्या घरातून खसाखस आवाज आला. आजोबांनी कान टवकारले. "अरे, यांच्याकडे तर जुळी आहेत!" म्हणत मला घट्ट धरून ते भराभरा उतरले, चपला न घालताच बाहेर पडले. शेजारचं दार वाजलं. "आधी ते घासणं थांबवा," त्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला, "आणि पोरांना बाहेर काढा. रंग तपासून घेतलात का?"

पलीकडचं घासणं थांबलं.