शेवटचा धुडकू

पांडेसऱ्यातल्या मिलकामगारांच्या औषधपाण्याची बिलं दवाखान्यातून त्यांच्या मिलकडे जात. बावीस वर्षं ती पुष्पाबाईंनी हातानं लिहिली. मग डॉक्टरांनी ते काम रिंग रोडच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे दिलं आणि पुष्पाबाई घरी बसल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. एका धुडकू पाटलाचं बिल दुसऱ्याच धुडकू पाटलाच्या मिलला गेलं. पुष्पाबाई प्रत्येक नावापुढे गाव लिहायच्या. कॉम्प्युटरवाल्यांनी नेमकं तेच गाळलं होतं. तेव्हापासून तिथली मयुरी दर शनिवारी यादी घेऊन त्यांना विचारायला येऊ लागली. पुष्पाबाई सकाळीच ओटा धुऊन, चहाचं आधण ठेवून तिची वाट बघायच्या.

“हा बेटावदचा. हा धरणगावचा, सुईला फार घाबरतो.”

“मावशी, घाबरतो ते कुठे टाइप करू? गाव सांगा, बस!” मयुरी हसायची.

चौथ्या शनिवारी यादीत एकच धुडकू उरला. तो शिरपूरचा, हे पुष्पाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, “आठवत नाही गं. पुढच्या शनिवारी ये, तोवर आठवून ठेवते.”

“राहू द्या मावशी. सोमवारपासून सगळ्यांना नंबर मिळणार. गाव लागणारच नाही आता.”

चहा संपवून मयुरी निघाली. ती रिक्षात बसली, तशा पुष्पाबाई अनवाणीच रस्त्यावर धावल्या.

“शिरपूरचा! अगं, शिरपूरचा आहे तो!”

मयुरीला ऐकू गेलं नसावं. तिनं रिक्षातून नुसता हात हलवला.