विसावी ओळ

प्रिस्का काबासो राउटरसमोर गुडघे टेकून बसली होती आणि मांडीवरच्या कीबोर्डवर नववी ओळ टाइप करत होती. तिच्या पाठीमागे, दिव्यांच्या खोलीच्या जाळीपलीकडे, सकाळच्या पाळीची दोनशे माणसं हेल्मेट घालून खोळंबली होती. तेवढीच रात्रपाळीची माणसं जमिनीखाली वर यायला उभी होती. वीज जाऊन दहा मिनिटं झाली होती. जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, पण बाराही टर्मिनल काळेच राहिले. टर्मिनल बंद म्हणजे कोण खाली आणि कोण वर याचा पत्ता नाही. आणि तो लागल्याशिवाय माणसांना वर-खाली नेणारा शाफ्टचा पिंजरा हलवायचा नाही, हा खाणीचा नियम.

"चोलाची आई, आटपा लवकर," जाळीतून कोणीतरी ओरडलं. "खाली जायच्या आधी वरच म्हातारे होऊ आम्ही."

"तिला घाई करू नका रे," खिडकीत बसलेला जेरे म्हणाला. खाणकामगारांना दिवे आणि पितळी बिल्ले वाटायचं काम त्याचं. साठीला टेकला होता, तरी आवाज खणखणीत. "माकडं खाणाऱ्यांची लेक आहे. चिडली तर चावेल."

"तू आपला उंदीर खा," प्रिस्का मान न वळवता म्हणाली. "भाजलेला नाही मिळाला तर कच्चा खा."

जाळीपलीकडे हशा पिकला. ती बेंबा, तो न्गोनी. या दोन जमातींनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं आणि कोणी रागावू नये, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एकवीस वर्षं एका खोलीत काम करूनही ती दोघं एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलली नव्हती.

मागच्या खोलीतलं, माणसांची नोंद ठेवणारं जुनं मशीन चोलाच्याही आधी जन्मलेलं. त्याला एकच बोली येत होती, लॅट नावाची. ती ज्यांनी बनवली त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं. खाणीचं नवं नेटवर्क वेगळंच बोलायचं. मधला हा राउटर म्हणजे दोघांचा दुभाषी. कोणत्या नावाच्या सेवेला हाक मारायची, कोणत्या गटातल्या टर्मिनलला ती दिसू द्यायची, कोणत्या दारातून तिला आत घ्यायचं, हे त्याला एकोणीस ओळींत सांगावं लागे. गटाचा आकडा एकाने जरी चुकला, तरी तारा धडधाकट असूनही कोणी कोणाला दिसत नसे. आणि वीज गेली की राउटर हे सगळं विसरून जाई.

एकोणिसावी ओळ संपली. बारा पडदे एकामागून एक हिरवे झाले. बिल्ल्यांचा खणखणाट सुरू झाला, दूर कुठेतरी घंटी वाजली, पिंजरा हलला. प्रिस्का उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांवर फरशीच्या भेगांचे वळ उमटले होते. तिने डगल्याच्या खिशातून फोन काढला. मान्साहून चोलाचा निरोप होता.

'आई, प्रेशर पुन्हा वाढलं. दवाखान्यात ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणतात, बाळ लवकर काढावं लागेल. तू येतेस ना?'

ती तशीच जिना चढून सिकाओंगा साहेबांच्या खोलीत गेली. हा रजेचा तिसरा अर्ज. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं, फोनवरचा निरोप वाचला, आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्हाला वाटत असेल मी नाही म्हणतोय," तो म्हणाला. "मी कोण नाही म्हणणारा? तो खालचा राउटरचा डबा नाही म्हणतोय. तुम्ही तिकडे, आणि इथं वीज गेली तर? आठवड्यातून तीनदा जातेय. बॅटऱ्या चार वर्षांपासून मागवल्यात. दोनशे माणसं खाली अडकली तर मी कोणाला हाक मारू?"

"दहा दिवस, साहेब."

"एखादा माणूस तयार करा. दोन महिने शिकवा त्याला. मग दहा काय, महिनाभर जा खुशाल."

"दोन महिन्यांनी बाळ हसायला लागलेलं असेल."

साहेबाने अर्जाची कड टेबलाच्या कडेशी नीट जुळवून ठेवली.

माणूस तयार करा. तेच तर तिला करता येत नव्हतं. शिकवायला बसलं असतं तर पहिल्या तासातच कोणीही विचारलं असतं: बाई, हे दर वेळी हातानं कशाला टाकायचं? लक्षात ठेवायला का सांगत नाही त्याला?

कारण विसावी ओळ होती. एका शब्दाची. ती टाकली की राउटर सगळं स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. मग वीज जाऊ दे नाहीतर वीज पडू दे. चौदा वर्षांपूर्वी, तांब्याचे भाव कोसळले आणि कामावरून काढायच्या माणसांच्या याद्या फाटकावर लागू लागल्या, तेव्हा प्रिस्काने ती ओळ टाकली नव्हती. तिच्या नवऱ्याचं नाव पहिल्याच यादीत आलं. तो सोलवेझीच्या नव्या खाणींकडे गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला. चोला सातवीत होती. पुढच्या यादीत प्रिस्काचं नाव आहे अशी कुजबुज सुरू असतानाच एका सकाळी वीज गेली, टर्मिनल बंद पडले, सगळ्यांची धावाधाव झाली, आणि तिने सगळ्या साहेबांसमोर बसून एकोणीस ओळी तोंडपाठ टाकल्या. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं.

दिवस पालटले की टाकू, असं तिने ठरवलं होतं. दिवस पालटले. पण तोवर आठवड्याला एकदा तरी तिला घरातून, बाजारातून, चोलाच्या लग्नाच्या मांडवातून बोलावून नेत होते. आता एकाएकी डबा आपला आपण चालू झाला तर कोणीतरी विचारणारच, आजवर का होत नव्हता?

आणि मग म्वाबाचं झालं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी वीज गेली तेव्हा ती चर्चमध्ये गात होती आणि फोन पिशवीत होता. दोन तास माणसं खाली गरम, दमट बोगद्यात उभी राहिली. त्यांच्यातल्या म्वाबाला दम्याचा त्रास होता. त्याला उचलून वर आणलं तेव्हा त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. तो वाचला, पण पुन्हा खाली उतरला नाही. आता बाजारात कोळसा विकतो. प्रिस्काच्या घरी विजेची शेगडी आहे, तरी ती दर शनिवारी त्याच्याकडून एक पोतं घेते. मागच्या अंगणात पोत्यांची भिंत झाली आहे.

ती परत दिव्यांच्या खोलीत आली तेव्हा गर्दी ओसरली होती. जेरे चार्जिंगच्या रांगेत दिवे टांगत होता.

"काय म्हणाला साहेब? माकडांची गाडी भरून पाठवतो म्हणाला?"

प्रिस्का स्टुलावर बसली. तिने फोन त्याच्यासमोर धरला. जेरेने हात लांब करून, डोळे बारीक करून निरोप वाचला. मग हातातला दिवा टांगायचा सोडून बाकावर ठेवला.

"जा तू," तो म्हणाला.

"आणि वीज गेली तर? तू फुंकर मारून चालू करणार?"

"तुझी आई वारली तेव्हा तू लुविंगूला गेली होतीस. चार दिवस."

"हो. माझं नशीब, त्या चार दिवसांत वीज गेली नाही."

"दोनदा गेली," जेरे म्हणाला.

त्याने खिडकीखालचा खण उघडला. हरवलेल्या बिल्ल्यांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या, शाळकरी अक्षरांत एकोणीस ओळी लिहिलेल्या होत्या. काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलं होतं. गटाच्या आकड्याभोवती लाल गोल होता.

प्रिस्काने वही हातात घेतली. ओळींवरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा वरपासून.

"मी इथं बसतो," जेरे म्हणाला. "तू तिथं बसतेस. मला दिसतं. मला वाचता येतं, तुला काहीही वाटत असलं तरी."

एकोणिसाव्या ओळीखाली थोडी जागा सोडून एक शब्द लिहिला होता. विसावी ओळ. ती त्याने पेन्सिलीने लिहिली होती.

"ही कुठं दिसली तुला?" तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. "ही मी कधी टाकलीच नाही."

"माझा पुतण्या लुसाकात हेच काम करतो. त्याला पान दाखवलं. तो म्हणाला, काका, हिच्याशिवाय बाकीच्यांना काही अर्थ नाही."

"मग टाकली का नाहीस?"

जेरेने बाकावरचा दिवा उचलला, त्याची काच अंगठ्याने पुसली, आणि पुन्हा ठेवला.

"आधी वाटलं, तुला माहीतच नसेल. मग यादीचे दिवस आठवले. ती ओळ तुझी होती. मी टाकली असती तर तुझी गरज संपली असती."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघता आलं असतं तुला?"

प्रिस्काने वही मिटली, पण खाली ठेवली नाही.

"म्वाबा," ती म्हणाली.

"त्या दिवशीही मी इथंच होतो," जेरे म्हणाला. "वही खणात होती. दोन तास मी फाटकाकडे बघत बसलो, तू येशील म्हणून. नंतर ठरवलं, पुन्हा असं बसायचं नाही. म्हणून तुझ्या आईच्या वेळी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

प्रिस्का उठली. राउटरसमोर गुडघे टेकून बसली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. एक शब्द. तिने तो टाकला आणि बोट शेवटच्या बटनावर धरून थांबली. मागे जेरेने श्वास घेतल्याचा आवाज आला. तिने बटन दाबलं. दोन-तीन सेकंद पडदा निपचित राहिला, मग ठीक आहे एवढंच म्हणाला. चौदा वर्षं, आणि पडद्याला एवढंच म्हणायचं होतं.

तिने राउटरच्या तारेला हात घातला.

"थांब," जेरे म्हणाला. "पिंजरा वर येऊ दे."

पिंजरा वर आला, रिकामा झाला, चहाच्या सुट्टीसाठी थांबला. जेरेने मान हलवल्यावर तिने तार उपसली. बारा पडदे काळे झाले. तिने मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि तार पुन्हा खोचली. दोघं डब्याकडे बघत उभी राहिली. पिवळे दिवे लुकलुकले, विझले, पुन्हा लुकलुकले. चार मिनिटांनी पहिला पडदा हिरवा झाला. मग दुसरा. मग उरलेले सगळे. शाफ्टपाशी कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

"झालं," जेरे म्हणाला. "आता तुला कोण विचारतंय, माकडखाऊ?"

तो हसला नाही. तीही हसली नाही. तिने वहीतलं ते शेवटचं पान जपून फाडलं, घडी करून डगल्याच्या आतल्या खिशात घातलं, आणि वही त्याला परत दिली.

वर सिकाओंगा साहेब भाजलेले शेंगदाणे खात कागद चाळत होता. तिला पुन्हा दारात पाहून त्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसला.

"प्रिस्का, मी सकाळीच सांगितलं..."

"आता वीज गेली तरी अडायचं नाही, साहेब. डबा आपला आपण उभा राहतो. आत्ताच तार काढून पाहिलं."

साहेब खुर्चीत सरळ झाला. त्याचा चेहरा उजळला. "काय सांगता! म्हणजे नवीन काही बसवलंत? कुठून मिळवलंत?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तो स्वतःच तिच्या तोंडात शब्द देत होता, आणि मनापासून देत होता. प्रिस्काने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"नवीन काही नाही. ते पहिल्या दिवसापासून होण्यासारखं होतं. एक ओळ टाकायची होती. मी टाकली नव्हती."

साहेबाने हातातला शेंगदाणा परत कागदावर ठेवला. खिडकीतून शाफ्टचं मोठं चाक दिसत होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"म्वाबाला वर आणलं," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही."

"आणखी कोणाला माहीत होतं हे?"

"कोणाला नाही. मला एकटीला."

खाली जेरेचा खणखणीत आवाज कोणालातरी बिल्ल्यावरून झापत होता. साहेबाने तो ऐकला, की ऐकलाच नाही, कळलं नाही. त्याने सकाळचा अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. नावासमोर खूण केली, कारणासमोर केली, सही केली, शिक्का मारला. मग अर्ज फिरवून तिच्याकडे सरकवला.

प्रिस्काने तो उचलून वाचला. आजपासून रजा मंजूर होती. खाली कामावर परत येण्याच्या तारखेचा रकाना होता. तो कोरा होता.

"साहेब," ती म्हणाली, "इथं तारीख राहिली."

"राहू दे," साहेब म्हणाला. तो खिडकीकडेच बघत होता.

ती क्षणभर उभी राहिली. मग तिने कागदाची घडी घातली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली. वाटेत घुसलेल्या काँगोच्या पट्ट्यातून मान्साला जाणारी बस बाराला सुटायची. अजून मिळण्यासारखी होती.