काय म्हणतो सलिल?

बिबवेवाडीचे श्यामसुंदरराव म्हणजे महाअडमुठा माणूस. मुलगा सलिल, सन दोन हजार लागताच कॉम्प्युटर तारखा चुकवतील म्हणून ते दुरुस्त करायला अमेरिकेत गेला आणि तिकडेच परस्पर लग्न करून मोकळा झाला. यांनी फोनवरच सुनावलं, "आता पुन्हा फोन करायची तसदी घेऊ नका." मुलगाही बापाचाच! आठ महिने त्याने फोन केला नाही. दोघांच्या हट्टात सलिलची आई प्रेमलाताई मात्र झुरणीला लागल्या.

घरी सलिलचा जुना कॉम्प्युटर होता. त्यात त्याने कॉलेजात असताना केलेला गप्पा मारणारा प्रोग्राम. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, की तो आपलंच वाक्य उलटवून आपल्याला विचारणार. डोकंबिकं काही नाही त्याला. एकदा श्यामसुंदरराव सहज त्याच्याशी खेळत बसले होते, तेवढ्यात प्रेमलाताई आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरचं दिसत नसे.

"इंटरनेटवर आपला सलिल आहे का हो?"

इतक्या आशेने विचारलं, की यांना नाही म्हणवेना.

झालं! रोज सकाळी नऊला, म्हणजे तिकडच्या रात्री, त्या खुर्ची ओढून बसू लागल्या. त्या सांगणार, हे टाइप करणार. पडद्यावर यायचं, 'तुम्हाला असं का वाटतं?' श्यामसुंदरराव वाचायचे, "आई, गुडघा कसा आहे तुझा?" किती दिवसांनी बाई हसत होती. कुठल्या तोंडाने खरं सांगणार?

मग प्रेमलाताईंच्या छातीत गाठ निघाली. महिन्याच्या आत ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. प्रेमलाताईंनी लिहायला लावलं, "येशील का रे?" पडद्यावर आलं, 'येण्याबद्दल अजून सांगा.'

"येतो, आई," श्यामसुंदररावांनी वाचलं.

"मग तो आल्यावरच ऑपरेशन. त्याआधी मी हॉस्पिटलची पायरी चढणार नाही."

अहो, आता तरी खरा फोन लावावा की नाही! रिसीव्हर उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि 'आधी त्याने करायला हवा' म्हणून खाली ठेवला. असं तीनदा. महिना गेला, दुसरा गेला. "रजा मिळत नाहीये गं," ते वाचत राहिले. बायकोचा चेहरा ओढत चालला होता, तरी वाचत राहिले.

शेवटी जबरदस्तीने नेलं तेव्हा डॉक्टरांनी यांना बाजूला घेतलं. आता कापून उपयोग नाही, फार पसरलंय.

दुसऱ्या दिवशी नऊला प्रेमलाताई भिंतीला धरत येऊन बसल्या.

"त्याला लिहा, बाळा, मनाला लावून घेऊ नकोस. जमलं असतं तर तू आलाच असतास. तुझी काही चूक नाही."

श्यामसुंदररावांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. उत्तर लगेच आलं, 'चूक नाही असं तुम्हाला का वाटतं?' त्यांना ते वाचवेना आणि दुसरं काही सुचेना.

प्रेमलाताई पडद्याकडे झुकल्या.

"रडतोय का हो तो?"

"हो," श्यामसुंदरराव कसेबसे म्हणाले, "फार रडतोय."

"त्याला म्हणावं, मी रागावले नाहीये," प्रेमलाताई म्हणाल्या.